सुमनबाईची तीनचाकी आणि साठ तासं

साखरा गावात सुमनबाईच्या गिरणीवर दळण न्यायचं तर डबा आधी तिच्यासमोर उघडावा लागतो. ज्वारीच्या तळाशी कोणी मुद्दाम खडे घालून आणले असतील, आपल्या गिरणीचा दगड फुटावा म्हणून, असा तिला कायम संशय. कोण घालील, कशासाठी घालील, हे विचारायची सोय नाही. ती कोपरापर्यंत हात घालून तळ चाचपते, मगच डबा आत घेते. गावातल्या बायका हसतात आणि डबे उघडतात, कारण सुमनबाईसारखं बारीक पीठ दुसरीकडे मिळत नाही.

आईच्या पोटातून ती काही अशी आली नव्हती. दोन वर्षांची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय नेले. सातव्या वर्षी तिचा बाप सटवाजी "चल, जत्रंला जाऊ" म्हणून तिला घेऊन निघाला आणि थेट नांदेडच्या एका दवाखान्यात घेऊन गेला. ऑपरेशन झालं. पाय सुधारले नाहीत ते नाहीतच, वर जत्राही हुकली. तेव्हापासून कोणी गोड बोललं की सुमनबाईच्या कपाळाला आठी पडते. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो म्हणतात. ही पाणीसुद्धा फुंकून पिते.

बापानं त्या एका खोट्याची भरपाई पुढं जन्मभर केली. तिला गिरणी टाकून दिली. ओढ्यापलीकडचं दोन एकर वावर तिच्या नावावर करून दिलं आणि म्हणाला, "हे तुझं. कुणाच्या उपकाराचं न्हाई." दरसाल वेचणीच्या वेळी तो तिला बैलगाडीतून ओढ्यापर्यंत न्यायचा आणि तिथून खांद्यावर बसवून धुऱ्याधुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, शेतात. चार फुटी लावणीनं या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत कापसाची साठ तासं, म्हणजे ओळी, बसतात, हे त्यानं तिला खांद्यावर बसवून तिच्याकडूनच मोजवून घेतलं होतं.

बाप जाऊन अकरा वर्षं झाली. बैल विकले गेले. वावर धाकटा भाऊ उत्तमराव कसतो. तिच्या वावराच्या मागं त्याचं स्वतःचं तीन एकर आहे. तो दरसाल तिच्या दारात कापसाची गाठोडी आणून टाकतो आणि म्हणतो, "आक्का, चल की एकदा. पाठीवर घिऊन जातो." आणि सुमनबाई दरसाल नाही म्हणते. तिचं गणित साधं होतं. पाठीवर बसलेल्याला उचलणारा दाखवील तेवढंच दिसतं. बापाच्या खांद्यावर बसणं वेगळं आणि ज्याच्या ताब्यात वावर आहे त्याच्या पाठीवर बसून तेच वावर तपासायला जाणं वेगळं. ट्रॅक्टरवर बसायचं तरी कोणीतरी उचलूनच चढवणार. सातबारा ती काढून आणायची, त्यात दोन एकर जसेच्या तसे असायचे. पण कागदावरचं वावर कोण चोरतं? चोरी होते ती धुऱ्यावर. कुंपणच शेत खातं तेव्हा सातबाऱ्याला कुठं कळतं?

हा संशय तसा निखाऱ्यासारखा राखेखाली होता. त्याला फुंकर घातली भिवाजीनं. भिवाजीचं वावर तिच्या वावराला लागून. श्रावणात तो दळण घेऊन आला, डबा उघडून दाखवला आणि जाता जाता म्हणाला, "बाई, एकडाव तुमचं वावर पाहून या. मी काय बोललो न्हाई बरं का."

असं बोलून जाणारा माणूस सगळ्यात वाईट. सुमनबाईला त्या रात्री जेवण गेलं नाही.

आता तिच्याकडे गाडी होती. दोन वर्षांपूर्वी तिनं स्कूटर घेतली होती, मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना एकेक जादा चाक लावलेली. चाकं मोजली तर चार भरतात, पण अख्खं गाव तिला तीनचाकीच म्हणतं. डांबरी रस्त्यावर ती सेनगावपर्यंत छान पळायची. मागल्या हिवाळ्यात सुमनबाईनं ती पांदणीत, शेताकडच्या गाडीवाटेत, घातली आणि पन्नास पावलांत फजिती झाली. काळ्या रानातल्या पांदणीत पावसाळ्यात चाकं रुततात, मग ऊन पडलं की त्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात. स्कूटरचं पुढचं चाक चाकोरीत उतरलं, बाजूची दोन चाकं चाकोरीच्या दोन्ही काठांवर चढली आणि मधलं चाक, ज्याच्या जोरावर गाडी चालते तेच, हवेत लटकलं. सुमनबाई मूठ पिळते आहे, चाक गरगर फिरतं आहे आणि गाडी तसूभर हलत नाही. शेवटी शेरडं राखणाऱ्या बायकांनी ढकलून बाहेर काढली. त्या हसल्या तेही तिनं लक्षात ठेवलं.

भिवाजी बोलून गेल्यावर मात्र तिनं गाडी सेनगावला नेली. तिथं किसनसिंग नावाचा कारागीर आहे, वेल्डिंगवाला. लोखंडाची कोणतीही गोष्ट दाखवा, तो आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतो. तशी त्यानं मारली. मग खाली बसून मागचा सांगाडा हलवून पाहिला.

"बाई, ही बाजूची चाकं एका दांड्यावर ठोकून बसवलीत. त्यांना वरखाली व्हायची सोयच न्हाई. ती जिथं चढतील तिथं गाडीला उचलून घेणार, मधलं चाक लटकणार."

"मग?"

"दांडा कापतो. दोन्ही चाकांना दोन अलग चिमटे करतो, पुढच्या बाजूनं खिळ्यावर हलणारे. वर एकेक शॉकअप. काठ आला की चाक आपलं वर जाईल, मधलं जमिनीवर राहील."

सुमनबाईला ते पटलं, आणि पटलं म्हणूनच तिला शंका आली. इतकं सोपं असतं तर विकणाऱ्यानं आधीच का नाही केलं? ती म्हणाली, "तीन दिवस लागतील म्हणता? मी तिन्ही दिवस हितंच बसते."

आणि खरंच बसली. भाची प्रतिक्षा, उत्तमरावची पोरगी, तिला एसटीनं सोबत करायची. दुकानासमोरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून, कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन सुमनबाई किसनसिंगच्या हातांकडे टक लावून बघायची. पहिल्या दिवशी तिनं प्रतिक्षाची नखं रंगवायची बाटली मागून घेतली आणि गाडीच्या प्रत्येक नट-बोल्टवर एकेक लाल रेघ ओढवून घेतली, अर्धी नटावर, अर्धी लोखंडावर. कोणी नट सोडून माल बदलला तर रेघ तुटलेली दिसणार. किसनसिंगला आधी राग आला.

"बाई, तीस साल झाले मला या धंद्यात. तुमच्या स्कूटरचे नट चोरून मी काय माडी बांधणार हाय?"

"मी कुठं काय म्हणली? रेघच तर हाय."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तमराव मोटारसायकलवर तिथं आला. त्याला बहिणीनं काही सांगितलं नव्हतं, म्हणजे कोणीतरी कळवलं होतं. तो तिच्यापाशी आला नाही. आधी किसनसिंगला भट्टीच्या आडोशाला घेऊन गेला. त्याच्या हातात एक काठी होती, तिच्यावर विळ्यानं खाच पाडलेली. दोघं हळू आवाजात बोलले. किसनसिंगनं काठी घेतली, टेपनं मोजली, मान हलवली. मग उत्तमराव खुर्चीपाशी आला.

"आक्का, कशाला एवढी तकलीफ? मी नेलं असतं की."

"माझं मी जाईन."

तो मोटारसायकलला किक मारून गेला. सुमनबाईच्या मनात आता संशय नव्हता, खात्रीच होती. भाऊ कारागिराला फितवून गेला. गाडी अशी करून द्या की पांदणीत मोडली पाहिजे, एवढंच सांगायला तो आला होता.

तिनं किसनसिंगला समोर बोलावलं. "काय ठरलं तुमचं दोघांचं?"

"ठरायचं काय त्याच्यात? तुमच्या भावानं चाकोरीची खोली मोजून आणली. एक वीत अन् चार बोटं. म्हणला, बाजूची चाकं तेवढी वर गेली पाहिजेत. मी वीतभरच धरत होतो, आता शॉकअप लांब घेतो."

"खोटी मोजून आणली असंल."

किसनसिंगनं हात जोडले. पण सुमनबाई हार जाणाऱ्यातली नव्हती. तिनं प्रतिक्षाला तसंच गावाकडे पिटाळलं आणि पांदणीत जाऊन चाकोरी मोजायला लावली. पोरीचा फोन आला, "आत्या, एक वीत अन् चार बोटं." सुमनबाईनं स्वतःची वीत उघडून पाहिली. मग म्हणाली, "कुणाच्या हाताची वीत?"

तिसऱ्या दिवशी गाडी उभी राहिली. मागून बघावी तर बाजूची चाकं पुढं झुकलेल्या दोन चिमट्यांत बसलेली, वर मोटारसायकलचे जुने पण ठणठणीत शॉकअप. किसनसिंगनं एका चाकाखाली वीट सरकवली, चाक वर गेलं, गाडी हलली नाही. सुमनबाईनं गाडी अंगणात फिरवली. सरळ चालली तोवर ठीक, वळण घेतलं तशी गाडी एका अंगाला कलायला लागली. स्प्रिंग दबली, चाक वर गेलं आणि सुमनबाई हांडलला लोंबकळली. किसनसिंगनं धावत येऊन धरली नसती तर ती भुईवर असती.

ती ओरडली, "पाडायचंच ठरलं होतं न्हवं का? माझ्या भावाला जाऊन सांगा, पडली म्हणून!"

किसनसिंगचा चेहरा उतरला. तो ऐकून घेत राहिला, गाडीभोवती फिरत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "नरम केलं तर कलती, कडक केलं तर लटकती." भंगारातून त्यानं एक जाड, पिळाला दाद न देणारी सळई काढली, दोन्ही टोकं वाकवली आणि एक टोक या चिमट्याला, दुसरं त्या चिमट्याला जोडलं.

"बगा बाई. दोन्ही चाकं संगट वर गेली तर ही सळई त्यांच्यासंगट नुसती फिरती, आड येत न्हाई. पण एकटंच चाक वर जाऊ लागलं तर दुसरं त्याला ओढून धरतं. एक भाऊ कलला की दुसऱ्यानं सावरायचं, तसं."

"भावाचं नाव काढू नका," सुमनबाई म्हणाली. पण वळणावर गाडी या वेळी सरळ राहिली. तिनं आठ वेळा उजवीकडे आणि आठ वेळा डावीकडे वळवून पाहिली. निघताना किसनसिंग लाल रेघांवरून बोट फिरवत म्हणाला, "ह्या पुसू नका. नट ढिला पडला तर रेघ आधी सांगंल. आता मीबी सगळ्या गाड्यांना ओढणार हाय." सुमनबाईला वाटलं, हाही आपल्याला खूश करायला बघतो आहे.

दसरा होऊन गेला. कपाशीची बोंडं फुटली. पहिल्या वेचणीच्या दिवशी बायका शेतात पाच खडे मांडतात, त्यांना हळदकुंकू वाहून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात. त्याला सीतादही म्हणतात. ते झाल्याशिवाय कपाशीला कोणी हात लावत नाही. भावजय मंजुषा आदल्या दिवशी दही लावताना बोलून गेली, "उद्या वेचणी धरायचीय." सुमनबाईनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. सकाळी गिरणीला कुलूप घातलं आणि कोणाला न सांगता ती सगळ्यांच्या आधी निघाली. झडती घ्यायची तर वर्दी देऊन घेत नाहीत.

पांदणीच्या तोंडाशी तिनं गाडी थांबवली. मूठ पिळली. पुढचं चाक चाकोरीत उतरलं. बाजूची चाकं काठावर चढली, शॉकअप कुरकुरत दबले आणि मधलं चाक भुईला चिकटून राहिलं. गाडी चालली! सुमनबाईच्या तोंडून आपोआप "अगं बाई" निघून गेलं. पन्नास पावलं झाली, शंभर झाली. शेरडांच्या बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या. कोणाच्या खांद्यावर नाही, कोणाच्या पाठीवर नाही, ती स्वतःच्या बुडाखालच्या गाडीवर ओढ्यापर्यंत आली होती. ओढ्यात घोटाभर पाणी होतं. ते ओलांडलं आणि पलीकडे तिनं करकचून ब्रेक दाबला.

पलीकडे वाट होती. चाकोरी नाही, चिखलाचे गड्डे नाहीत, मुरूम टाकलेली सपाट, ट्रॅक्टर जाईल एवढी रुंद वाट. बापाच्या वेळी इथं फक्त धुरा होता, एका माणसाला चालता येईल एवढा. आपल्या वावरापर्यंत एवढी चांगली वाट कोणी केली, कशाला केली? कोणीतरी यायचं असेल तेव्हाच वाट करतात. उत्तमनं वावर दुसऱ्याला तर दिलं नाही? भिवाजी हेच सांगत होता का?

वाटेच्या कडेला कापूस पांढराशुभ्र फुटला होता. पीक नामी होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. सुमनबाईनं वावराच्या तोंडाशी आडव्या पट्टीवरून, तासांच्या टोकाटोकानं गाडी हळूहळू चालवायला घेतली आणि मोजायला लागली. एक, दोन, तीन. ढेकळांवरून बाजूची चाकं वरखाली होत होती, पण गाडी कलत नव्हती. पलीकडच्या धुऱ्याशी पोचली तेव्हा आकडा झाला सत्तावन्न. ती परत फिरली, उलटं मोजत आली. सत्तावन्न. अंतर चुकलं असेल म्हणून कुबडीनं दोन तासांमधली जागा मापली. बापाची चार फुटी लावण, तशीच. तीन तासं गेली होती. बारा फूट वावर.

तिला रडू आलं नाही, उलट एक प्रकारचं कडू समाधान वाटलं. अकरा वर्षं आपण वेड्या नव्हतो.

तेवढ्यात ते सगळे आले. पुढं उत्तमराव, कमरेला वेचणीचं फडकं बांधलेला, मागं दहीभाताचा डबा घेऊन मंजुषा आणि प्रतिक्षा. गाडी बघून उत्तमराव जागच्या जागी थांबला. मग त्याच्या तोंडावर हसू आलं, मोठं, लहानपणीसारखं. "आली की! बरोबर आली की गाडी!"

"तीन तासं कुठं गेली, उत्तम?"

हसू गेलं. त्यानं मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, सुमनबाई मनात म्हणाली.

"तू त्याच्यावरूनच आलीस, आक्का."

तिनं वळून वाटेकडे पाहिलं.

"ओढ्यापून आत यायला धुराच होता न्हवं का. तू गाडी घेतली त्या उन्हाळ्यात मी भिवाजीला म्हणलं, सहा फूट तू सोड, सहा आमी सोडतो, वाट करू. तो वीतभर सोडंना. भांडला माझ्यासंगं. मंग बाराबी फूट तुझ्यातूनच सोडले, मुरूम टाकला. म्हणलं, आक्काची गाडी यायची."

"मागं तुझं वावर हाय. तुझा ट्रॅक्टर याच वाटंनं जातो की."

"जातो. खोटं काहून बोलू? माझाबी फायदा झालाच."

खोटं असतं तर सुमनबाईनं ते मानगुटीला धरलं असतं, त्यात तिचा हात कोणी धरला नसता. पण हे असं दोन्हीकडून खरं असलेलं कुठून पकडावं ते तिला कळेना. रागाला धरायला कडाच सापडत नव्हती.

"सांगितलं काहून न्हाई मला?"

"वाटलं, तू येशील, पाहशील, मंग सांगू. तू पांदणीतच अडकलीस. नंतर सांगायची हिंमत झाली न्हाई. अन् आधी सांगितलं असतं तर तू न्हाईच म्हणली असतीस."

"व्हय. न्हाईच म्हणली असती." तिचा आवाज कापला, आणि कापला म्हणून तिला स्वतःचाच संताप आला. "पण विचारायचं होतंस. पाठीवर न्यायला दरसाल विचारतोस, अन् वावर तोडायला विचारत न्हाईस? वावर माझं हाय ना रे?"

मंजुषानं डबा खाली ठेवला, पाच खडे वेचून पहिल्या तासाच्या टोकाशी मांडले. प्रतिक्षानं हळदकुंकू लावलं. दहीभात वाहिला गेला. सुमनबाई गाडीवर बसून सगळं बघत होती. पूजा उरकली तसा उत्तमराव सवयीनं कपाशीकडे वळला. पहिल्या झाडापाशी त्याचा हात गेला आणि तिथंच थांबला. तो मागं फिरला, वाटेवर आला, गाडीसमोर उभा राहिला.

"आक्का," तो म्हणाला, "तुझ्या वावरात वेचणी सुरू करू का?"

अकरा हंगाम त्यानं हे वावर वेचलं होतं आणि हा प्रश्न कधी तिच्या दारात आला नव्हता. सुमनबाईनं पदरानं तोंड पुसलं, सत्तावन्न तासांवरून एकदा नजर फिरवली आणि भावाच्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं, डब्याचा तळ चाचपते तसं.

"करा," ती म्हणाली. "पण वाटंच्या कडंनं सुरू करा. मला हितून दिसलं पाहिजे."

आणि तिनं गाडी वळवून त्या कडेला लावली.